बुडातली पाटी

तितं नका टाकू ती पांढरी फक्की. तितं न्हाई म्हनलं न्हवं — आवं, पुडं सरा, गोठ्याच्या मागं टाका, परड्यात टाका, कुटं टाकायची तितं टाका, पर ह्या उकिरड्याभवतीनं रेघ मारू नका. आन् ती टेप जरा गुंडाळून ठिवा, कोंबड्या बुजाया लागल्यात. बसा. ह्या दगडावर बसा, पुसलाय म्या. उन्हाचं आष्ट्यापासनं सायकल हानत आलाय, घाम कसा निथळतोय — आदी पानी घ्या, गूळ घ्या, हां, आन् मग बोला. पंचायत समितीचं सायेब म्हंजी पोट सुटल्यालं कुनीतरी आसंल आसं वाटलं हुतं मला, तुमी तर आजून लेकरू हायसा. लेकरू म्हनलं म्हनून राग न्हाई न्हवं आला? मग बस लेकरा, घोटघोट पी, ठसका लागंल.

तर काय म्हनत हुता — दारातला उकिरडा काडायचा, परड्यात खड्डा घ्यायचा, धा फूट लांब, सा फूट रुंद, तीन फूट खोल. तीनदा सांगितलंसा, पाठ झालं मला. त्यात पालापाचोळ्याचा येक थर, त्येच्यावर शेनाचा काला, त्येच्यावर राख-माती, पुना पालापाचोळा, वरनं पानी, आन् शेवटाला चिखलानं लिपून टाकायचं. बराबर? मग ह्या साळूबाईनं इतकी वरसं काय केलं म्हनता? हेच की. तुमचा खड्डा टेप लावून हुतो आन् माजा ढीग नजरंनं, येवडाच काय तो फरक. सकाळच्याला डोळं उगडलं की माज्या हातात झाडू आसतोय. ह्यो दारातला नांदरूक दिसतोय न्हवं, ह्यो रोज पाटीभर पान टाकतोय, शिमग्याच्या टायमाला तर दोन-दोन पाट्या. शेवग्याची फुलं, जनावरांनी तुडवल्याली वैरन, चुलीतली राख, भाजीची देठं — सगळं हितं. म्या आजपातूर येक पान जाळलं न्हाई. आन् ह्यो शेजारचा नाथाजी, ऊस गेला की पाचटाला काडी लावतोय, गावभर धूर, माज्या वाळवनावर काजळी. मी गेले येकडाव, म्हनलं, भावजी, जाळायच्या आदी मला चार भारं न्हेऊ द्या. तर म्हनतोय, वैनी, कचरा न्हेऊन काय करनार, लुगड्याला लावनार हाय का. लावलं न्हाई, रानाला घातलं. धा गुंठं हळद हाय माजी, सोप्यात वाळत टाकलीया, जाताना गड्डं बगून जावा. आता त्यो सोसायटीतनं युरियाची पोती आनतोय आन् माज्या हळदीकडं बगत जातोय, तोंड वाकडं करून. तवा खत कसं करायचं ते शिकवाया आला आसाल तर गूळ खावा आन् सायकलीवर बसा.

वास? कुटं येतोय वास? — बरं, येतोय. पावसाळ्यात येतोय जरा. माश्याबी हुत्यात, व्हय, ते मी न्हाई म्हनत न्हाई. आवं पर हलवायचा कसा, सासूबाईनं घातल्याली जागा हाय. सासूबाईनं म्हंजी तिच्या सासूनं. आन् परड्यात खड्डा घेतला तर पानी लागतंय, कालवा जवळ हाय. न्हाई लागत? खनून बगितलंसा? कवा? मी हळद उलथीत हुते तवा. लय हुशार हायसा. मग आसं बगा, मी येकटी बाई, मालक जाऊन चार वरसं झाली, रोज परड्यापातूर पाटी कोन व्हाईल? खड्डा जवळ आसंल, वाकावं लागनार न्हाई, कंबरंला बरं पडंल — सरकारला माज्या कंबरंचा कवापासनं पुळका आला? आन् पाडव्याचं काय? दिवाळीच्या पाडव्याला पाटंच्याला घर झाडून केर हितं आनून टाकतो आमी, इडापिडा जाऊ दे म्हनतो, वर दिवा लावतो. आता दिवा काय खड्ड्यात लावू? कडंला. कडंला लावायचा. तुमच्याकडं सगळ्याला उत्तर हाय, पुस्तकात लिवलंय का पाडव्याचंबी?

थांबा, यष्टी आली का? न्हाई, टरक हाय, इटांचा. बाराच्या यष्टीवर नजर हाय माजी. आमचा — न्हाई, आमचा म्हंजी — गावातलं येक पोरगं पल्टनीतनं सुट्टीवर येनार हाय आज. ती चिंच दिसती न्हवं, स्ट्यांडवरनं येनारी वाट तितं फुटती. वर गेलं की वरल्या आळीला चंद्राबाईचं घर, खाली आलं की माजं. म्हनलं बगू तरी कुनीकडं जातोय. मला काय, मी हितं बसलीच हाय. हासताय का? नाव ठावं हाय तुमाला त्येचं? कुनी सांगितलं? बरं, ते ऱ्हाऊ दे, मागनं सांगा.

आता आसं करूया. तुमचंबी न्हाई, माजंबी न्हाई. वरला ढीग सगळा न्या. तसाबी गुडघ्यायेवडाच ऱ्हायलाय, चार गाड्या भरून रानात गेल्या मगल्या आठवड्याला. वरलं सगळं घ्या, फकस्त बुडातली येक पाटी हाय तितं ऱ्हाऊ दे. गाडी भराया गडी येत्यात न्हवं, त्येंनाबी माजं हेच सांगनं — बुडाला खोरं लावायचं न्हाई. कोंडीबा म्हनून गडी हुता, त्येनं येका साली चुकून लावलं खोरं, तर त्येच्या हातातनं हिसकून घेतलं म्या. चोवीस वरसं ऱ्हायलीया ती पाटी. का म्हंजी? आसंच. दह्याला इरजन लागतंय न्हवं, तसं, जुनं खत आसलं की नवं लवकर कुजतंय. तुमच्या पुस्तकात हाय? हाय न्हवं? मग झालं, तेच कारन. — तोंडाकडं काय बगताय? तेच कारन हाय म्हनलं न्हवं. इरजनाचंच.

— बरं, न्हाई तेच. माजी तीन गेली, सायेब. दोन पाचवी पुजायच्या आत आन् येक दात आल्यावर. दात आल्यालं पोर हासत हुतं माज्याकडं बगून, सकाळी, आन् दिस मावळायच्या आत गेलं. चौथ्या टायमाला सुईन म्हनली, साळू, ह्येला तुजा म्हनू नगंस, सटवाईला दिसलं की ह्यो साळूचा हाय, की न्हेती. मग काय करत्यात ठावं हाय? तुमच्या शेरात करत नसतील, हितं करत्यात. पोर सुपात घालायचं आन् केर टाकावा तसं उकिरड्यावर न्हेऊन टाकायचं, मागं न बगता घरात यायचं. बाराव्या दिशी टाकला म्या त्येला. ह्या हितं, तुमी आता फक्की टाकत हुता बराबर तितं. मग जिची पोरं जगत्यात आशी बाई येती, म्हनती, आगं बया, हितं कुनाचं पोर पडलंय, आन् उचलून आपल्या घरी न्हेती. चंद्राबाईची पाचच्या पाच जगल्याली, तिनं उचलला. मग आपन सूपभर कोंडा घिऊन तिच्या दारात जायाचं, कोंडा द्यायाचा आन् पोर इकत घ्यायाचं. केरातलं, कोंड्यावर घेतल्यालं पोर, सटवाई कशाला ढुंकून बगंल तिकडं? नाव ठिवलं केरबा. जगला.

बाकीच्या बाया येवडं दिसभर करत्यात आन् सोडून देत्यात. मागनं पोराला दूध-साय घालत्यात, मुकं घेत्यात, नाव तेवडं केरबा ऱ्हातंय. मला न्हाई सोडवलं. मला वाटायचं, सटवाई काय येडी हाय व्हय येका दिसात फसाया? ती बसली आसंल कुटंतरी आडोशाला, बगत आसंल साळू पोराला कवा जवळ घेती. म्हनून घेतलंच न्हाई. आंगावर पाजला तेवडा, ते तर कराया लागतंय, पर पाजतानाबी तोंड भिंतीकडं करून बसायची मी. बोलाया लागला तसं चंद्राबाईला आई म्हनाया शिकवलं आन् मला काकी. चौथीला शाळंत पयला आला, पळत आला सांगाया, धापा टाकत, तर म्या म्हनलं, पाय धुऊन ये केरा, अंगन आत्ता झाडलंय. त्येनं पाय धुतलं आन् चंद्राबाईकडं गेला सांगाया. जत्रंत कुस्ती मारली, फेटा बांधून वाजत-गाजत आनला लोकांनी, भाऊसो पाटील सवता म्हनलं, साळूबाई, पोरानं नाव काडलं. म्या म्हनलं, कुनाच्या पोरानं? चंद्राबाईच्या दारात जाऊन सांगा. तिनं गावभर खोबरं वाटलं, मी हितं उकिरड्यावर पाटी वतत हुते. लय झ्याक जमलं बगा मला सगळं, नाटकवाल्यांनी बगितलं आसतं तर न्हेलीच आसती मला.

भरती झाला तवाबी तसंच. चंद्राबाईनं ओवाळलं, डोळं पुसलं, शिदोरी बांधली. मी दारात हुते, हातात झाडू. जाता जाता आला माज्याम्होरं, म्हनला, काकी, येतो. म्या म्हनलं, जा. येवडंच. घरातलं मानूस परगावाला गेलं की लगीच मागं झाडत न्हाईत, झाडलं की त्येचं परत येनं झाडलं जातंय, ठावं हाय न्हवं? तीन दिस अंगन झाडलं न्हाई म्या. नांदरुकाची पानं घोट्यापातूर साचली. नाथाजीची बायकू म्हनली, साळूबाई आळसटली. म्या म्हनलं, व्हय, आळसटले. मग ती लढाई लागली त्या वरसाला रोज सांजच्याला हितं दिवा लावायची मी. देवळात न्हाई, देवळात लावला आसता तर कळलं आसतं कुनासाठी. उकिरड्यावर दिवा लावला तर लोकं म्हनत्यात बाई येडी हाय. म्हनू द्यात, येड्या बाईचं पोर कोन न्हेतंय?

तुमी म्हनाल, मग सांगायचं न्हाई का त्येला. आवं, ठावं हाय की त्येला, गाव सांगतंयच सगळ्यास्नी. आता मोठा झालाय, समजतंय. पर ल्हानपनी ठावं नव्हतं, आन् ल्हानपनीच लागतंय ते. सटवाईला फसवाया गेले मी, ती फसली का न्हाई देव जानं, पोरगं मातूर पुरतं फसलं. लय वाईट वाटतंय मला त्येचं, कुनाला म्हनले न्हाई कवा. दर महिन्याला पत्र येतंय, चंद्राबाईच्या पत्त्यावर. ती हिरीवर आली की सांगती — केरबा बरा हाय, केरबाला तिकडं थंडी वाजती, केरबा बाराच्या यष्टीनं येनार हाय. मी म्हनते, आसंना का. आन् घागर भराया लागते. भरल्याली आसली तरी वतून परत भराया लागते. आन् बगा, तुमाला कसं पयल्या घोटालाच लेकरा म्हनून गेले मी. कुनाचं कोन तुमी. त्येला येकडाव म्हनले न्हाई.

काय काडताय खिशातनं? कागद? कुनाचा? — केरबाचा? तुमाला? तुमाला कशाला लिवंल त्यो? अर्ज. पल्टनीतनं, पंचायत समितीला. म्हंजी तुमी आपल्या मनानं न्हाई आलासा, त्येनं धाडलंय तुमाला. मगाशीच सांगायचं न्हाई व्हय, गूळ खात बसलासा नुसतं. वाचा. 'आमच्या पल्टनीत बराकीभोवतीचा पालापाचोळा झाडून खड्ड्यात कुजवतात व ते खत बागेला घालतात' — घ्या, सरकारनं बंदुकीसाठी न्हेला आन् हातात झाडू दिला. नावाला जागला म्हनायचं पोरगं. वाचा फुडं. 'गावी माझी आई साळूबाई' — थांबा. काय म्हनलासा? पुना वाचा. 'माझी आई साळूबाई हिला वाकून वाकून कंबरेचा त्रास होतो, तरी तिच्या दारातील उकिरडा हलवून परड्यात खड्डा घेऊन द्यावा, ही विनंती.' आई लिवलंय? काकी न्हाई? नीट बगा, काकीच आसंल. तुमाला चांगलं वाचाया येतंय न्हवं? शाईनं लिवलंय का शिसपेन्सिलीनं? शाईनं. पुना वाचा. हळू, हळू वाचा, हितं उगड्यावर मोठ्यांदा नको — हिकडं या, कानात वाचा.

सरकारी कागदावर खोटं चालत न्हाई म्हनून लिवलं आसंल. व्हय की, दुसरं काय. — पर कंबर? कंबर दुकती ते त्येला कुनी सांगितलं? म्या तर चंद्राबाईलाबी सांगितलं न्हाई. म्हंजी बगत हुता. गेल्या सुट्टीला त्या चिंचंखाली तासतासभर बसायचा, मला वाटायचं दोस्तांची वाट बगतोय. मला बगत हुता व्हय वाकताना.

उठा. टाका फक्की, कुटं टाकायची तितं टाका. ती पाटी द्या हिकडं, आन् खोरं. वरलं तुमी उचला, बुडातलं मी काडते. माज्या हातानं ठिवला हुता, माज्याच हातानं उचलते. चोवीस वरसं लय झाली. सटवाईबी म्हातारी झाली आसंल आता, तिला तरी कुटं दिसतंय लांबचं. तुमी बी लिवून घ्या, साळूबाई राजी झाली. आन् त्यो आला की दारातच म्हननार हाय मी — काय म्हनू? आलास का लेकरा, म्हनू? तुमाला म्हनलं तसं? जमंल की. आलास का लेकरा. बगा, जमतंय. आवाज जरा चिरकतोय, पर जमतंय. भरली पाटी. हलकी हाय हो, मला वाटलं हुतं उचलनार न्हाई.

आली. यष्टी आली. त्यो बगा उतारला, डोईवर हिरवी ट्रंक, त्योच. डावा खांदा पाडून चालतोय, ल्हानपनापासनं तसाच चालतोय त्यो. चिंचंपाशी आला. थांबला. हिकडंच बगतोय न्हवं? तुमी जरा बाजूला व्हा, पाटी दिसू दे त्येला माज्या हातातली. बगतोयच. हात वर करू का? आसं नुसतंच कसं करायचं — आवं सायेब, म्या तोंड फिरवलं व्हय? कवा फिरवलं? आपसूक फिरलं, म्या न्हाई फिरवलं. आता लगीच वळले तर काय वाटंल त्येला. तुमीच सांगा, मी न्हाई बगत. काय करतोय? उबा हाय. आजून उबाच? ट्रंक खाली उतारली. परत उचलली. मग? बोला की. — वर गेला.

बरं झालं. बगितलंसा न्हवं? कुनी म्हनंल का ह्यो माजा हाय म्हनून? तुमाला तर सगळं सांगितलं म्या, तुमी तरी म्हनला आसता का, आता त्येला जाताना बगून? न्हाई म्हनला आसता. म्हनून तर जगलाय त्यो. ती पाटी पालथी करा, हुती तितं, आन् फक्की पुसा पायानं. खड्डा परड्यात घ्या, त्येनं मागितलाय तर घ्या, पर हितलं बूड हलनार न्हाई. आन् त्यो कागद काडा. आई लिवलंय तेवडं खोडा, काकी लिवा. पेन न्हाई म्हनू नका, खिशाला लावलंय की. खोडलं? दिसतंय का आजून खालचं? मग आनिक येक रेघ मारा. जावा आता, सायेब, उन लय झालंय. झाडू कशाला देताय हातात? ऱ्हाऊ दे तितंच. आज न्हाई झाडायचं अंगन.